चेंडू कुठे टाकाल?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले, संगमनेर, पारनेरकरांना शेजारचा जुन्नर तालुका काही लांब नाही. तिथे नारायणगावाजवळ खोडदला अवाढव्य तबकड्या आभाळाकडे बघत उभ्या आहेत. अशा एकूण 30, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर! ही जीएमआरटी, रेडिओ दुर्बीण. 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या स्कियापरेली यानाची क्षीण हाक तिने टिपली. उतरता उतरता ते आपटलं बिचारं, पण त्याची हाक इथवर आली.

हे यान कझाकस्तानातून निघालं होतं 14 मार्चला. मार्चच का? जानेवारीत का नाही?

शाळेच्या मैदानावर फक्कीने दोन गोल आखा, एकात एक. आतल्यावर तुम्ही पळा. तुम्ही पृथ्वी, 365 दिवसांत एक फेरी. बाहेरच्यावर मैत्रीण, ती मंगळ, तिला लागतात 687 दिवस. आता पळता पळता तिला चेंडू द्या. ती दिसतेय तिथे टाकलात, तर चेंडू पोचेपर्यंत ती पुढे गेलेली! टाकायचा तो ती पोचणार असेल तिथे.

कमी इंधनाच्या वाटेने यान सूर्याभोवती अर्धी फेरी मारतं, म्हणजे 180 अंश. त्याला लागतात सुमारे 259 दिवस. तेवढ्यात मंगळ सरकतो 136 अंश. करा वजाबाकी. आलं 44? म्हणजे निघताना मंगळ आपल्यापुढे साधारण 44 अंशांवर हवा. (कक्षा अगदी गोल नसतात, म्हणून थोडं इकडेतिकडे.) असा मेळ जमतो सुमारे 780 दिवसांनी एकदाच!

आपलं मंगळयान 28 ऑक्टोबर 2013 ला उडणार होतं. पण त्याच्यावर लक्ष ठेवणारं जहाज प्रशांत महासागरात खराब हवेत अडकलं. मुदत होती 19 नोव्हेंबरपर्यंत. ती हुकली की थेट 2016! सुदैवाने 5 नोव्हेंबरला श्रीहरिकोट्याहून उड्डाण झालं. यान आधी पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत उंच उंच गेलं, 1 डिसेंबरला मंगळाच्या वाटेला लागलं आणि 24 सप्टेंबर 2014 ला पोचलं.

19 फेब्रुवारी 2027 ला मंगळ आपल्या आभाळात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येईल, रात्रभर दिसेल. यानं निघतात ती त्याआधी साधारण तीनेक महिने. मोजा बरं, कोणता महिना येतो?