मुंबईच्या विजेला हात घालणारे भाई कोतवाल

१९४२ साली मुंबईच्या गिरण्या ज्या विजेवर चालत, तिचा मोठा वाटा आजच्या रायगड जिल्ह्यातून येई. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, तर कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे १९२२ मध्ये. लोणावळ्याच्या बाजूला तलावांत साठवलेले पाणी प्रचंड नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला येते आणि टर्बाइन फिरवते. तयार झालेली वीज उंच लोखंडी मनोऱ्यांवरून, रानावनातून मुंबईला जाई. गिरण्यांना पहारा होता, केंद्रांनाही होता. मैलोन्‌मैल पसरलेल्या मनोऱ्यांवर मात्र रात्रंदिवस नजर ठेवणे सरकारला शक्य नव्हते. ही कच्ची बाजू हेरली ती माथेरानच्या एका तरुण वकिलाने.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. पुढचे शिक्षण पुण्यात घेऊन ते वकील झाले आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही. वकिलीवर सुखाने संसार झाला असता, पण त्यांचे मन डोंगराखालच्या गावांत गुंतले होते. तिथला शेतकरी आणि आदिवासी पावसाळ्यात खावटीसाठी सावकाराच्या दारात उभा राही आणि सुगी आली की दिडीदुपटीने फेडत बसे. कोतवालांनी त्यांच्यासाठी धान्यकोठी उभी केली, गावोगाव शाळा काढल्या. ‘भाई’ हे नाव लोकांनी दिले ते याच कामामुळे.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची हाक आली आणि भाई भूमिगत झाले. त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. त्यात लष्करात कवायत केलेले शिपाई नव्हते. मानिवलीचे गोमाजी पाटील, त्यांचा मुलगा हिराजी यांच्यासारखी आसपासच्या गावांतली माणसे होती. रानातली प्रत्येक पायवाट त्यांच्या पायाखालची, आणि कुठल्या पाड्यावर भाकरी मिळेल हेही ठाऊक. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात दस्त्याने ११ मनोरे पाडले. असा एक मनोरा कोसळला की त्याच्याबरोबर तारा तुटत आणि दूरवरच्या मुंबईत कारखान्यांची यंत्रे बंद पडत. सरकारने भाईंना पकडून देणाऱ्यास अडीच हजार रुपयांचे इनाम लावले.

पोलिसांचा फास आवळत गेला, तसा दस्ता मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या दाट जंगलात शिरला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल या अधिकाऱ्याच्या पोलीस तुकडीने तिथे वेढा घातला. त्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंनी तिशी नुकतीच गाठली होती.

सशस्त्र लढ्याचा हा सारा अध्याय जेमतेम चार-पाच महिन्यांचा. पण मूठभर माणसे एवढ्या बलाढ्य सरकारला इतके दिवस झुलवत राहिली, त्याचे मूळ आधीच्या वर्षांत सापडते. ज्यांना खावटी मिळाली, ज्यांची पोरे शाळेत बसली, त्या घरांनी अडीच हजारांचा मोह असतानाही दस्त्याला थारा दिला. हत्यार नंतर आले; माणसे आधीच जोडलेली होती. दरवर्षी २ जानेवारीला कर्जत-मुरबाडची माणसे सिद्धगडावर अभिवादनाला जमतात. २०२० मध्ये भाईंच्या जीवनावर मराठी चित्रपटही आला.