सीमेचे पहिले राखणदार : खुसरो रुस्तमजी

सातारा-सांगलीकडच्या भरती अकादम्यांत पहाटे धावून आलेली पोरं फळ्यासमोर बसली की एक प्रश्न हमखास येतो : सीमा सुरक्षा दलाची स्थापना कधी झाली? १ डिसेंबर १९६५, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते दल उभं करणारा अधिकारी आपल्या कामठीत जन्मला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

कामठी ते चंबळ

खुसरो फरामर्झ रुस्तमजी यांचा जन्म १९१६ चा, पारशी कुटुंबातला. १९३८ मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या पोलिसांत दाखल झाले. १९५२ पासून सहा वर्षं पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्यावर होती. पुढे मध्य प्रदेशचे पोलीस महानिरीक्षक झाल्यावर चंबळच्या दरोडेखोरांशी गाठ पडली. ‘शोले’तल्या गब्बरला ज्याचं नाव मिळालं, तो खरा गब्बरसिंग १९५९ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत मारला गेला.

हद्द कोणी राखायची?

१९६५ पर्यंत पाकिस्तानलगतची हद्द मुख्यतः त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस राखत. एप्रिलमध्ये कच्छमधल्या सरदार चौकीवर पाकिस्तानी फौज चालून आली आणि ही व्यवस्था अपुरी असल्याचं उघड झालं. मग २५ बटालियनचं केंद्रीय दल उभारलं गेलं. रुस्तमजी १९७४ पर्यंत त्याचे प्रमुख होते. १९७१ मध्ये मुक्तिवाहिनीला सुरुवातीचं प्रशिक्षण आणि मदत याच दलाने दिली.

बिहारचे तुरुंग

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम वर्दी उतरवल्यानंतरचं आहे. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारच्या तुरुंगांत गेले. तिथे खटला न चालताच माणसं वर्षानुवर्षं खितपत पडली होती. गुन्हा शाबीत होऊन जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त दिवस काहींनी आधीच गजाआड काढले होते. जन्मभर गुन्हेगार पकडणाऱ्या या अधिकाऱ्याला ते सोसवलं नाही. १९७९ च्या जानेवारीत त्यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये त्यावर लेख लिहिले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हाच हुसेनआरा खातून खटला. खटला वेळेत चालणं हा घटनेने दिलेला हक्क असल्याचं न्यायालयाने मान्य केलं, हजारो कच्चे कैदी सुटले आणि जनहित याचिकेची वाट मोकळी झाली.

रुस्तमजींना १९९१ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २००३ मध्ये ते गेले. भरतीच्या मास्तरांना एकच विनंती : फळ्यावर १ डिसेंबर १९६५ लिहाल, तेव्हा त्याखाली हुसेनआरा खातून हे नावही लिहा.