पहिला घास

खान्देशात केळी लावायची म्हणजे पूर्वी आधी मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिले, निवडायचे. नामी बागेतले, तलवारीच्या पात्यासारख्या पानांचे मुनवे खणायचे, कंद साफ करायचे आणि शेतावर न्यायचे. त्या कंदाच्या पोटात कोंबाची शिदोरी असे. मुळ्या फुटून जमीन धरेपर्यंत ती पुरायची.

आता रावेर, यावल, चोपड्याच्या शिवारात आणि धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरकडे तापीकाठी अनेक शेतांत टिश्यूकल्चरचे रोप उतरते. जळगावच्या जैन हिल्सवर, भवरलाल जैन यांनी उभारलेल्या उद्योगात, अशी रोपे मोठ्या संख्येने तयार झाली आणि ग्रँड नैन हे वाण ठिबकच्या जोडीने बांधाबांधावर पोहोचले. या रोपाजवळ मात्र कंदाची शिदोरी नसते. त्याला पहिला घास माणसालाच भरवावा लागतो.

प्रयोगशाळेत मुनव्याच्या गाभ्यातला इवलासा कोंब काढून, निर्जंतुक करून बाटलीतल्या अगरवर ठेवतात. त्या अगरमधले खाद्य मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात तंबाखूच्या पेशी वाढवताना त्यांनी बसवलेले प्रमाण १९६२ साली प्रसिद्ध झाले. लिटरभर खाद्यात साखर ३० ग्रॅम, आणि मोरचूद अवघे ०.०२५ मिलिग्रॅम, म्हणजे साखरेच्या बारा लाखाव्या हिश्श्याइतके! जस्त, बोरॉन, मॉलिब्डेनम यांचेही मोजमाप असेच मिलिग्रॅममधले.

लोहाची गोष्ट यात सर्वांत शिकवण्यासारखी आहे. लिटरला २७.८ मिलिग्रॅम हिराकस लागतो. पण नुसता टाकला तर लोहाचा साका तळाशी बसतो आणि रोप उपाशी राहते. म्हणून सोबत ईडीटीए घालतात. ते लोहाला धरून ठेवते, विरघळलेले राखते. शेतकरी ज्याला ‘चिलेटेड’ खत म्हणतात, त्याचे मर्म हेच. ताटात अन्न असणे वेगळे आणि ते अंगी लागणे वेगळे.

टिश्यूकल्चरच्या बाळपणी यीस्टही कामाला आले होते. १९३४ साली फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोच्या तोडलेल्या मुळ्या क्षार, साखर आणि यीस्टचा अर्क यांवर वाढवत ठेवल्या. त्या अर्कातली ब जीवनसत्त्वे मुळ्यांना हवी होती, हे पुढे उलगडले. यीस्टचा आणखी एक गुण असा, की वाढताना ते जस्त, लोह आपल्या पेशीत ओढून घेते आणि सेंद्रिय रूपात बांधून ठेवते.

बाटलीतून निघालेले रोप कोकोपीटमध्ये, मग शेडनेटखाली हळूहळू उन्हावाऱ्याला सरावते. मग ते शेतात जाते; पाच बाय पाच फुटांवर एकरी सुमारे १७४२ रोपे बसतात. खरी कसोटी तिथे लागते. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण मुळांना मिळत नाही. कोवळे पान पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पिवळे दिसले की युरिया टाकायचा, ही सवय इथे घातक ठरते. नत्र कमी पडले तर आधी जुने पान पिवळे होते, कारण झाड त्यातले नत्र काढून नव्या पानाला पुरवते. लोह असे हलत नाही, म्हणून त्याची भूक नव्या पानावर दिसते. कोणते पान पिवळे, हे पाहणाऱ्या शेतकऱ्याचे निम्मे निदान बांधावरच होते. मग ठिबकमधून चिलेटेड लोह थेट मुळाशी देता येते.

नीट जोपासलेल्या नवतीची, म्हणजे नव्या लागवडीची, केळी साधारण वर्षभरात काढणीला येते. तोवर बुंध्याशी पिलबागेचा, म्हणजे पुढच्या पिकाचा, मुनवा उभा राहिलेला असतो. त्याला कोणी बाटलीतून भरवत नाही. ज्या रोपाला पहिला घास माणसाने दिला, त्याच्या कंदातूनच आता त्या मुनव्याला शिदोरी मिळत असते.