निष्ठा ठेवा, पण हिशोबही मांडा!

नेटवर्क मार्केटिंगच्या सभांमधून दोन शब्द वारंवार कानावर पडतात. एक 'कमिटमेंट' आणि दुसरा 'माइंडसेट'. निष्ठा आणि मनोवृत्ती! शब्द चांगलेच आहेत. चिकाटीशिवाय कोणताही धंदा उभा राहत नाही. भाजीची गाडी लावणाऱ्यालाही पहाटे बाजार गाठावाच लागतो. प्रश्न एवढाच, की निष्ठा कशावर ठेवायची?

या धंद्याची रीत ठरलेली आहे. प्रथम स्वतः माल घ्यायचा. मग नातेवाईक, मित्र, शेजारी, कार्यालयातील सहकारी अशा शंभर नावांची यादी करायची. त्यांना सभासद करायचे, त्यांनी आणखी सभासद करायचे आणि त्यांच्या खरेदीवर आपल्याला कमिशन. जो नाही म्हणेल त्याची मनोवृत्ती 'नकारात्मक', त्याच्यापासून दूर राहा, असा उपदेश होतो. ज्याला यश येत नाही त्याची म्हणे निष्ठाच कमी पडली! म्हणजे यश आले तर योजनेचे, अपयश आले तर तुमचे. हा कुठला न्याय?

आता साधे गणित पाहू. एकाने सहा सभासद करायचे, त्या प्रत्येकाने पुन्हा सहा. पहिल्या पायरीवर ६, दुसऱ्या पायरीवर ३६, तिसऱ्या पायरीवर २१६. अकराव्या पायरीवर हा आकडा ३६ कोटींच्या वर जातो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तेराव्या पायरीला तर १३०६ कोटी माणसे लागतील. साऱ्या जगात आज सुमारे ८०० कोटी आहेत. ही साखळी कुठेही थांबली, तरी दर सहापैकी पाच सभासद शेवटच्या पायरीवर असतात. त्यांच्या हाताखाली कोणीच नसते. त्यांची निष्ठा कितीही पक्की असो, गणित बदलत नाही.

कायदा काय सांगतो, हेही माहीत असावे. १९७८ च्या कायद्याने पैसे फिरवण्याच्या साखळी योजनांवर बंदी आहे. अशी योजना चालवणे तर सोडाच, तिचे सभासद होणेही त्या कायद्याने मना केले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीसाठी केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम केले. ओळखपत्राशिवाय व आधी वेळ घेतल्याशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जाऊ नये, कंपनीने विक्रेत्याशी लेखी करार करावा, ठरावीक मुदतीत सभासदत्व रद्द करून पैसे परत मागता यावेत, विकण्याजोगा माल कंपनीने परत घ्यावा, असे त्यात आहे. खऱ्या गिऱ्हाइकाला खरा माल विकणे हा गुन्हा नव्हे. माणसे भरती करूनच पोट भरणे, हा मात्र धंदा नव्हे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, घरात कोणी या धंद्यात असेल तर एक वही करा. समजा, महिन्याला कमिशन आले १५०० रुपये. आता दुसऱ्या बाजूला लिहा : गरज नसताना स्वतः घेतलेला माल ९००, गाडीभाडे ४००, सभेचे तिकीट ३००, फोन व चहापाणी २००. एकूण १८००. कमिशन मिळूनही तोटा ३०० रुपये! शिवाय रविवार गेले ते वेगळेच. तीन महिने असा हिशोब लिहावा आणि मग ठरवावे. सभासद नसलेल्या किती लोकांनी आपल्याकडून दुसऱ्यांदा माल घेतला, तेही पाहावे. उत्तर 'एकही नाही' असेल, तर तेथे बाजारपेठ नाही.

घरातील वडीलधाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. अशा मुला-मुलींची टिंगल करू नये. नोकरीच्या शोधात दमलेल्याला सभेत पहिल्यांदाच कोणी 'सर' म्हणते, टाळ्या वाजवते. त्या टाळ्यांची त्याला भूक असते. घरी कुचेष्टा झाली तर तो सभेलाच घर मानील. शेजारी बसून वही उघडावी. आकडे बोलतील.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. पावत्या व करार जपून ठेवावेत, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, पोलिसांकडे लेखी अर्ज द्यावा. पैसा पुन्हा मिळवता येतो. शंभर नावांच्या यादीतला मामा, मावशी, शेजारी एकदा दुरावला, तर तो विश्वास कोणतीही कंपनी परत घेऊन देत नाही.