मावळचे पाणी, मुंबईचे कापड

धाग्याचा मुलूख : भाग 5

मागच्या भागात आपण वर्ध्याची खादी पाहिली. तिथे कापूस शेतात, चरखा घरात आणि माग गावात; ‘स्थानिक कापड’ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. या आठवड्यात मुद्दाम अवघड जागा निवडली आहे : मावळ. लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. कापसाला हवी काळी जमीन, बेताचा पाऊस आणि बोंडे फुटताना कोरडी हवा. इथले पीक भाताचे. 1987 साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला ‘इंद्रायणी’ आज घरोघरी पोचला आहे. जिथे कापसाचे बोंड दिसत नाही, तिथे स्थानिक कपडा कसा व्हायचा?

तरीही मावळचे आणि कापडाचे नाते शंभर वर्षांचे आहे, फक्त ते पाण्यातून जुळले. 1911 साली लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा तलावांतले पाणी नळांतून 500 मीटरहून अधिक खाली खोपोलीला सोडायचे आणि त्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालवायच्या, अशी ती योजना. 1915 मध्ये वीज सुरू झाली आणि कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या गिरण्या एकेक करून तारेला जोडल्या गेल्या. पुढे आंद्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण झाले, त्याची वीज भिवपुरीला तयार होऊ लागली. मुळशीच्या धरणाला मात्र शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 ते 1924 सत्याग्रह करून विरोध केला. धरण झालेच, भाताची खाचरे पाण्याखाली गेली. धूर न सोडणारी वीजसुद्धा कुणाच्या तरी जमिनीवर उभी असते. कपडा पर्यावरणपूरक आहे असे कुणी म्हणाले, की हा हिशेब आधी मागावा.

दुसरे पाणी उल्हास नदीचे. ती राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांतून उतरते आणि कल्याणकडे जाते. तिथे शहाडला सेंच्युरी रेयॉन हा कारखाना 1956 पासून व्हिस्कोसचा धागा काढतो. व्हिस्कोस म्हणजे झाडाच्या लगद्यापासून केलेला धागा. लाकडातला सेल्युलोज कॉस्टिक सोड्यात भिजवतात, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून त्याचा मधासारखा द्रव करतात आणि बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडतात. तिथे त्याचा पुन्हा धागा बनतो. धागा वनस्पतीजन्य, मातीत कुजणारा. पण कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक. हवा आणि सांडपाणी नीट सांभाळले नाही तर धाग्याचा चांगुलपणा कारखान्याच्या भिंतीबाहेर पोचत नाही. लायोसेल हा त्याचा धाकटा भाऊ. त्यात वेगळे द्रावक वापरतात आणि ते जवळजवळ सगळे परत मिळवून पुन्हा वापरता येते. दोन्ही धागे झाडाचेच. फरक आहे तो झाडानंतर काय होते याचा.

भाताच्या पेंढ्यातही सेल्युलोज असतो. मग मावळातच असा धागा का काढू नये? लगदा करायला मोठा कारखाना, रसायने आणि भरपूर पाणी लागते. शिवाय इथला पेंढा वाया जात नाही, तो गुरांच्या दावणीत जातो. गुरांच्या तोंडचा घास काढून केलेले कापड टिकाऊ कसे म्हणायचे?

या मुलखाने पावसाळी कपडा मात्र स्वतःचा काढला होता. लावणीला वाकलेल्या पाठीवर बांबूच्या कामट्या आणि पळसाची पाने यांचे इरले असे. इतर वेळी डोक्यावरून घोंगडीची खोळ. घोंगडी बहुधा देशावरून येई, कारण मावळच्या डोंगरातले गवळी धनगर गाई-म्हशी राखतात, मेंढ्या राखणारे धनगर पूर्वेचे. दख्खनी मेंढीची लोकर राठ, तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ. ओली झाली तरी ती ऊब सोडत नाही. इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आणि घोंगडीची रेनकोटाने. लोकर स्वस्त झाली. पुष्कळ मेंढपाळांना आता तिच्यातून कातरणीचा खर्चही सुटत नाही.

आणखी एक गोष्ट इथे पूर्वापार होती, ती म्हणजे कपड्याचा शेवट. सुती लुगडे विरले की त्याची झबली, मग गोधडीचे थर, मग पोतेरे, आणि उरल्या चिंधीचा काकडा. धड असेल ते बोहारीण भांड्यावर नेई. ही साखळी चालत असे, कारण सगळ्या टप्प्यांवर कापड सुतीच होते. पॉलिस्टर आले आणि ती तुटली : त्याच्या पोतेऱ्याला पाणी शोषता येत नाही, काकडा केला तर वितळून गळतो. सुती आणि पॉलिस्टर एकत्र विणलेल्या कापडाचे हाल आणखी वाईट, कारण ते धागे वेगळे करणे यंत्रालाही जड जाते. नुसते सुती कापड पिंजून पुन्हा कातता येते. पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून त्यात नवा कापूस मिसळावा लागतो. पुण्यातली ‘रिचरखा’ ही संस्था प्लास्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणते. कचरा कमी करायला ते उत्तमच. पण त्यातून पिशव्या होतात, अंगावरचा कपडा नव्हे.

म्हणून मावळात स्थानिक कपडा करायचा तर सुरुवात धाग्यापासून नको, शेवटापासून करावी. कापूस विदर्भातून येऊ द्या. आपल्याकडे कापणे, शिवणे, रफू करणे, उसवून पुन्हा बेतणे ही कामे आहेत. वडगाव, कामशेत, तळेगाव इथल्या शिलाई यंत्रांना ती पुरतील. अट एवढीच की कापड एकाच जातीच्या धाग्याचे असावे, अस्तर आणि शिवणीचा दोराही सुती असावा, बटणे काढता यावीत आणि शिवणीत दाब ठेवलेला असावा, म्हणजे अंग भरले तरी सदरा टाकावा लागणार नाही. गिऱ्हाइकाने दुकानात आधी किंमत विचारावी, मग कापडात मिश्रण किती आणि दुरुस्ती कोण करून देईल ते. यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर असलेला शिंपी हाच मावळचा कापड उद्योग.

पुढच्या भागात : हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी गोळा करतात तो बाळहिरडा सुती कापडावर रंग कसा धरून ठेवतो, आणि तुरटीने पिवळा व लोखंडाने काळा का होतो.