नोंद एकदाच, साचे हवे तितके

लोकनायक बापूजी अणे वणीचे. लोकमान्य टिळकांवर त्यांनी ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे संस्कृत काव्य लिहिलं आणि १९७३ साली त्याला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या वाचनालयात हे पुस्तक आलं असं धरू. दाखल नोंदवहीत त्याची एक ओळ होते. मग तालिकेत नोंद, पाठीवर लेबल, ‘नवीन पुस्तके’च्या फलकावर नाव, वर्षाअखेरीच्या यादीत किंमत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या अ, ब, क, ड कुठल्याही वर्गाच्या वाचनालयाला हिशेब असा चोख ठेवावाच लागतो. पुस्तक एकच, पण प्रत्येक कागदावर त्याची वेगळी मांडणी.

संगणकावर हे काम चुटकीसरशी व्हायला हवं. पण अनेक लहान प्रणालींमध्ये अहवालाची मांडणी प्रोग्रामच्या पोटातच बांधून टाकलेली असते. एक रकाना अलीकडे-पलीकडे करायचा तरी विक्रेत्याला फोन करावा लागतो. तो येईपर्यंत ग्रंथपाल यादी एक्सेलमध्ये काढून हातानेच दुरुस्त करतो, आणि मूळ नोंद चुकीची ती चुकीचीच राहते.

यावरचा उपाय जुना आहे. युनेस्कोची सीडीएस-आयसिस ही प्रणाली १९८० च्या दशकात लहान संगणकांवर आली आणि भारतातल्या ग्रंथालयांतही रुळली. तिच्यात छपाईचा साचा ग्रंथपालच लिहायचा. समजा, ३० क्रमांकाचा रकाना पृष्ठसंख्येचा आहे. साच्यात ‘व्ही३०’ लिहिलं की ती संख्या उमटे. तिला जोडून दुहेरी अवतरणात ‘पृ.’ लिहिलं, तर पृष्ठसंख्या भरलेली असेल तेव्हाच ‘पृ.’ छापलं जाई. एकेरी अवतरणातली अक्षरं मात्र रकाना रिकामा असला तरी उमटत. म्हणजे विरामचिन्हं, मथळे, ‘किंमत रु.’ हे सगळं साच्यात, नोंदीत फक्त माहिती. चांगल्या साच्याचं मर्म एवढंच आहे, आणि आजही पुष्कळ प्रणाली ते पाळत नाहीत.

मराठीच्या अडचणी याहून बारीक आहेत. पाठीवरच्या लेबलावर लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरं घ्यायची पद्धत इंग्रजीत सरळ चालते. ‘क्षीरसागर’चे पहिले तीन संकेत मात्र क, हलन्त आणि ष. लेबलावर नुसता ‘क्ष’ येतो, वेलांटी गळून पडते. साच्याने संकेत नव्हे, पूर्ण अक्षरं मोजली पाहिजेत. अकारविल्हे यादीतही तेच. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी आहे. त्यामुळे संगणकाने नुसते संकेत पाहून यादी लावली, तर ‘काळ’ आधी आणि ‘कावळा’ नंतर येतो. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ची जागा ‘ह’नंतर. ‘ज्ञ’ने सुरू होणारी पुस्तकंही शेवटी येण्याऐवजी ‘ज’मध्ये शिरतात.

आणि ‘श्री’? धार्मिक ग्रंथांच्या कपाटात निम्मी नावं ‘श्री’नेच सुरू होतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात हेन्रिएट अ‍ॅव्रम यांच्या नेतृत्वाखाली जन्मलेल्या मार्क नोंदपद्धतीत याची सोय आहे. ग्रंथनामाच्या २४५ क्रमांकाच्या रकान्याला, क्रम लावताना सुरुवातीची किती चिन्हं सोडायची हे सांगणारा एक आकडा जोडलेला असतो. ‘श्री’साठी तो ४ : श, हलन्त, र आणि वेलांटी. मग बापूजींचं पुस्तक ‘त’मध्ये लागतं, पण छापताना ‘श्री’ शाबूत राहते. इंग्रजीतल्या ‘द’साठी केलेली ही सोय मराठीच्या इतकी कामी येते, तरी आपल्याकडे ती वापरलेली क्वचितच दिसते.

२००० साली न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयात सुरू झालेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली देवघेवीच्या पावत्या, वाचकांना जाणाऱ्या सूचना आणि लेबलं यांचे साचे ग्रंथपालाच्याच हाती देते. ती बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो, हे मात्र आधीच लक्षात घ्यावं.

पुसद, दारव्हा, उमरखेड, पांढरकवडा, कुठल्याही वाचनालयाच्या कार्यकारिणीला एवढंच सांगणं आहे : प्रणाली विकत घेण्याआधी विक्रेत्याला तीन पुस्तकं समोर भरायला लावा. एक पृष्ठसंख्या नसलेलं, एक तीन लेखकांचं, एक ‘श्री’ने सुरू होणारं. मग लेबल आणि यादी छापून घ्या, आणि साचा तुमच्या ग्रंथपालाला स्वतः बदलता येतो का ते तिथेच पाहा. येत नसेल तर पैसे देऊ नका. आणि एकदा चांगला मराठी साचा तयार झाला, की तो शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयालाही द्या.