कुंकू काळं का दिसतं?

एका वाचक भगिनींनी विचारलंय: घरात पणजीचा एक फोटो आहे, शंभरेक वर्षांपूर्वीचा. नऊवारी, नथ, हात खुर्चीच्या पाठीवर टेकवलेला आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पण काळंकुट्ट. मुलीने दिवाळीत आजीचा फोटो फोनवर काढून कृष्णधवल केला, तर त्यात कुंकू गडद करडं आलं. तोच फोटो एका अ‍ॅपमधल्या ‘रेड फिल्टर’मधून पाहिला, तर कपाळावर कुंकूच नाही! कुंकू तर लालच आहे, मग या तीन तऱ्हा कशा?

प्रश्न फार चांगला आहे. कृष्णधवल फोटो म्हणजे रंगीत फोटोतून रंग पुसून उरलेलं काहीतरी, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कुठल्या रंगाचा प्रकाश किती मोजायचा हे आधी कुणीतरी ठरवतं आणि मग करडा रंग उमटतो. कधी ते रसायन ठरवतं, कधी फोनमधला हिशेब, कधी संपादन करणाऱ्याचं बोट. पणजीच्या फोटोत ते चांदीच्या क्षाराने ठरवलं होतं.

फोटोच्या काचेवर किंवा फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. सिल्व्हर ब्रोमाइड हा त्यातला प्रमुख. हा स्फटिक मुळात फक्त जांभळा, निळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश ओळखतो. हिरवा, पिवळा, लाल हे रंग त्याच्या लेखी अंधारच. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या नव्या कलेत रमलेल्या पहिल्या मंडळींपैकी होते. काचेवर कलोडियन ओतायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायचं, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची, असा तो खटाटोप. त्या काळच्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं दिसतं ते यामुळेच. निळं लुगडं पांढुरकं येतं, निळसर घारे डोळे बुबुळं पुसल्यासारखे दिसतात, गव्हाळ कातडी आहे त्याहून बरीच काळवंडते. आणि कुंकू? ते निळा प्रकाश जवळजवळ परत पाठवतच नाही, म्हणून ते काळं.

निळा चालतो आणि लाल चालत नाही, यामागचं कारण मोठं सुरेख आहे. फडताळाच्या वरच्या फळीवर लाडवांचा डबा आहे अशी कल्पना करा. उंच मुलगा हात वर करून तो काढतो. बुटक्या मुलाचा हात पोचत नाही आणि एकाच्या जागी पन्नास बुटकी मुलं रांगेत उभी केली तरी डबा जागचा हलत नाही. निळ्या प्रकाशाचा कण हा उंच मुलगा. स्फटिकातला इलेक्ट्रॉन वर उचलायला लागणारी ऊर्जा त्या एकट्याकडे असते. हिरव्या किंवा लाल प्रकाशाच्या कणाकडे ती कमी पडते आणि प्रकाश कितीही प्रखर केला तरी प्रत्येक कण बुटकाच राहतो. यावर उपाय एकच, पायाखाली चौरंग द्यायचा. स्फटिकाला चिकटलेला योग्य रंजक, म्हणजे रंगद्रव्य, हा तो चौरंग. रंजकाचा रेणू हिरवा किंवा लाल प्रकाश स्वतः शोषतो, त्याचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि तिथून सहज स्फटिकात उतरतो. पुढचं काम नेहमीसारखं: चांदीचे मोजके अणू एकत्र जमतात आणि डेव्हलपर त्या इवल्याशा पुंजक्याच्या आधाराने अख्ख्या स्फटिकाची चांदी करतो.

हा चौरंग ज्यांना सापडला त्यांचं नाव हेर्मान विल्हेल्म फोगल. बर्लिनमध्ये प्रकाशरसायन शिकवणारे प्राध्यापक. फोटोग्राफीच्या इतिहासात त्यांना मिळते त्याहून कितीतरी मोठी जागा त्यांची आहे. 1873 साली ते इंग्लंडहून आलेल्या कोरड्या काचांवर सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून पाहत होते. नियमाप्रमाणे निळ्या भागात ठळक छाप उमटायला हवी होती. या काचांवर ती हिरव्या भागात अधिक ठळक आली. दुसरा कुणी असता तर काच खराब निघाली म्हणून त्याने ती बाजूला टाकली असती. फोगल यांनी काचेत वेगळं काय आहे ते शोधलं. काचेच्या मागच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश चित्राभोवती वलय करतो. ते होऊ नये म्हणून उत्पादकाने लेपात एक रंग मिसळला होता. फोगल यांनी तो रंग धुऊन काढला आणि हिरव्याची जाण गेली! मग त्यांनी मुद्दाम वेगवेगळे रंग मिसळून पाहिले. रंजक ज्या रंगाचा प्रकाश शोषतो, त्या रंगाला काच जागी होते, असा नियम त्यांनी मांडला.

त्यांचं एक प्रात्यक्षिक तर शाळेच्या प्रयोगशाळेत करून दाखवावं असं आहे. पिवळ्या रेशमावर निळी फीत. डोळ्यांना रेशीम उजळ दिसतं आणि फीत गडद. साध्या काचेवर उलटं आलं, काळ्या रेशमावर पांढरी फीत. कोरॅलीन नावाचा रंग मिसळलेली काच वापरून, भिंगापुढे पिवळी काच धरून फोगल यांनी फोटो घेतला, तेव्हा फीत गडद आणि रेशीम उजळ आलं. माणसाच्या डोळ्याला दिसतं तसं.

तरीही अनेक नामवंतांनी त्यांचं म्हणणं नाकारलं. स्वतःच्या हातून प्रयोग साधला नाही एवढ्यावरच. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये एदमाँ बेकरेल यांनी पानांतलं हरितद्रव्य वापरून काच लाल प्रकाशाला जागी केली, तेव्हा शंका मावळल्या. फोगल यांच्या हाताखाली बर्लिनमध्ये शिकलेला एक अमेरिकन विद्यार्थी पुढे फोटोग्राफीचा मोठा कलावंत म्हणून गाजला, आल्फ्रेड स्टिगलित्झ. शिष्याच्या नावाने ग्रंथालयात कपाटं भरतील. गुरूचं नाव मात्र त्याच काळातले खगोलशास्त्रज्ञ हेर्मान कार्ल फोगल यांच्या नावात बेमालूम मिसळून गेलं आहे. आपल्याकडच्या वाचकांनी तरी त्यांची ओळख ठेवायला हवी. 18 ऑगस्ट 1868 च्या ज्या खग्रास ग्रहणाची आठवण विजयदुर्गावर ‘साहेबांचे ओटे’ दाखवून सांगतात, त्याच ग्रहणाचे फोटो घेण्यासाठी हे फोगल जर्मन पथकाबरोबर एडनला आले होते.

हिरव्या-पिवळ्याला जाग्या झालेल्या या काचांना ऑर्थोक्रोमॅटिक म्हणू लागले. कातडी सुधारली, पण लाल अजून काळाच. सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा इंग्लंडमधल्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने 1906 मध्ये बाजारात आणल्या. तरी पोर्ट्रेट स्टुडिओंनी ऑर्थो कितीतरी वर्षं सोडली नाही. ती स्वस्त होती आणि डार्करूममध्ये लाल दिव्याखाली डोळ्यांनी बघत धुता येत होती. पॅनक्रोमॅटिकला मिट्ट काळोख लागतो. भगिनींच्या पणजीचं कुंकू काळं राहिलं त्याला लाल दिव्याची ही सोय बहुधा कारण असावी.

छापखान्यांची गोष्ट वेगळी होती. तीनरंगी छपाईसाठी एकाच चित्राची लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन निगेटिव्ह लागतात आणि लाल काचेमागे लाल ओळखणारी प्लेट नसेल तर काहीच उमटत नाही. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छपाईच्या धंद्यात होते आणि तीनरंगी छपाई शिकायला 1909 साली जर्मनीला गेले होते. त्या तंत्राच्या मुळाशी फोगल यांचाच शोध होता.

पहिल्या महायुद्धात जर्मन रंजकांचा पुरवठा तुटला आणि ब्रिटिश विमानांना टेहळणीसाठी पॅनक्रोमॅटिक काचा तर हव्याच होत्या, कारण पहाटेच्या धुक्यातून लाल प्रकाश बरा पार होतो. केंब्रिजमध्ये विल्यम पोप यांच्या प्रयोगशाळेत हे रंजक नव्याने तयार झाले. ते करणाऱ्यांत फ्रान्सिस हेमर ही तरुण रसायनशास्त्रज्ञ होती. हेमर यांनी पुढचं सगळं आयुष्य याच रेणूंना दिलं, आधी इलफर्डमध्ये, मग हॅरोच्या कोडॅकमध्ये. सायनिन रंजकांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ 1964 मध्ये आला. विसाव्या शतकातल्या फिल्मवर माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसले, त्यात या बाईंचा मोठा वाटा आहे आणि फोटोग्राफीच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना एक ओळही क्वचित मिळते, हे खटकतं.

गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्यांना तर याचा फायदा सर्वांत जास्त झाला. रॉबर्ट फ्लाहर्टी 1923 साली सामोआ बेटांवर ‘मोआना’ हा माहितीपट करायला गेले. ऑर्थो फिल्मवर तिथल्या लोकांची तांबूस-तपकिरी कातडी निर्जीव काळी येत होती. त्यांच्याकडे रंगीत प्रयोगासाठी नेलेली पॅनक्रोमॅटिक फिल्म होती. ती साध्या कॅमेऱ्यात घालून पाहिली, तर कातडीला गोलाई आली, उजेड आला. मग बहुतेक चित्रपट त्याच फिल्मवर झाला.

कातडीचं असं का होतं? कातडीतलं मेलॅनिन निळा प्रकाश सर्वांत जास्त खातं, लाल सर्वांत कमी. रक्तातलं हिमोग्लोबिन निळ्याबरोबर हिरवाही खातं. लाल प्रकाश आत खोलवर शिरतो, इकडेतिकडे विखुरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो. निळा वरच्यावर अडतो. म्हणून निळ्या प्रकाशात टिपलेल्या चेहऱ्यावर प्रत्येक वांग, पुटकुळी, सुरकुती कोरल्यासारखी दिसते, तर लालमध्ये त्या विरघळतात.

म्हणूनच जुन्या स्टुडिओत रिटचिंगवाल्याला भरपूर काम असे. त्याचं टेबल उतरतं, मध्ये दुधी काच, खाली आरसा, डोक्यावर काळं कापड. निगेटिव्हवर पातळ वार्निशचा हात द्यायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने स्वल्पविरामाएवढ्या खुणा करत जायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं: जी सुरकुती कागदावर काळी येणार, ती तिथे पारदर्शक रेघ असते. त्या रेघेत शिसं भरलं की कागदावर सुरकुती उजळते. पेन्सिलीने फक्त उजळ करता येतं. गडद करायचं तर पात्याने लेप खरवडावा लागतो आणि तिथे हात चुकला की निगेटिव्ह गेलीच. उजळण्याचं काम सोपं आणि गडद करण्याचं जोखमीचं, त्यात गिऱ्हाइकाचा आग्रह गोरं करण्याचा. अनेक आजोबा फोटोत होते त्याहून दोन छटा गोरे का, याचं एक उत्तर या टेबलावर आहे.

आता फोन. कॅमेऱ्यातल्या सेन्सरला रंग कळतच नाहीत, तो फक्त प्रकाशाचं प्रमाण मोजतो. त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी इवलीशी काच बसवलेली असते. दर चारांत दोन हिरव्या. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट 1976 चं. म्हणजे डिजिटल फोटो जन्मतः कृष्णधवल असतो, रंग मागून हिशेबाने भरले जातात. फोनमध्ये ‘मोनो’ दाबलं की हे रंग पुन्हा एका आकड्यात बसवले जातात. एक रूढ सूत्र असं: लालचे 0.299, हिरव्याचे 0.587 आणि निळ्याचे 0.114 भाग. हिरव्याला झुकतं माप, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो.

सोयीसाठी आकडे धरू. कुंकू लाल 200, हिरवा 20, निळा 30. गव्हाळ कपाळ 190, 140, 110. सूत्राने कुंकू येतं साधारण 75 आणि कपाळ 152. गडद करड्या कुंकवाचं उत्तर हे. आता फक्त लाल चॅनल घ्या: कुंकू 200, कपाळ 190. कुंकू कपाळात बुडालं! निळा चॅनल घेतला तर 30 आणि 110, म्हणजे पणजीच्या फोटोच्या जवळ. ‘विंटेज’ नावाने विकली जाणारी अ‍ॅपं बहुतेक वेळा फोटोवर ओरखडे आणि तपकिरी छटा चढवतात, पण ही तीन रंगांची गणितं बदलत नाहीत. म्हणून तो जुना फोटो वाटत नाही, जुना मळवलेला नवा फोटो वाटतो. एका स्पर्शात ‘स्टुडिओ पोर्ट्रेट’ करून देणाऱ्या सोयी तर लाल चॅनल वाढवतात आणि कातडी सारवून टाकतात. ओठ फिके पडतात, दाढीचे खुंट आणि गालाखालची सावली जाते. चेहरा उजळतो खरा, पण त्यात माणूस राहत नाही.

चेहऱ्यासाठी हिरवा चॅनल हाच पाया धरावा. ओठ, भुवया, रक्ताचा वावर सगळं त्यात जागच्या जागी असतं. कातडी फार खडबडीत वाटली तर थोडा लाल मिसळावा आणि पहिला वांग पुसट होऊ लागला की तिथेच थांबावं. निळा अगदी चिमूटभर, तोही म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्यावर.

फोटो घेताना काळजी दोनच गोष्टींची. रंगांचा फरक हाताशी नसल्याने नाक, गाल, कपाळ वेगळं दाखवण्याचं सगळं ओझं उजेडावर येतं. म्हणून फोनचा फ्लॅश बंद करून माणसाला खिडकीला तिरकं बसवावं. दुसरी गोष्ट फोनमधल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची. त्याला समोर जे असेल ते मध्यम करडं वाटतं. पांढऱ्या भिंतीपुढचा सावळा चेहरा त्यामुळे काळा पडतो आणि चेहऱ्यानेच चौकट भरली तर मीटर तो उगाच उजळवतं. बोट चेहऱ्यावर ठेवून मोजमाप करावं आणि मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढावी. शिवाय शक्य असेल तर रॉ फाइल घ्यावी आणि रंगीत मूळ जपून ठेवावं. करडी करून साठवलेल्या फाइलमधून कुंकू आणि कपाळ यांचे मूळचे तीन-तीन आकडे पुन्हा काढता येत नाहीत.